वेलास्केसचे ‘लास इलांदेरास’ : अराक्नीच्या कथेतला नेमका कोणता क्षण?

मंजिष्ठा

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार दिएगो वेलास्केस याची जी चित्रे आहेत, त्यांतल्या ‘लास मेनिनास’समोर गर्दी असते आणि ते स्वाभाविकही आहे. मला मात्र त्याच चित्रकाराच्या ‘लास इलांदेरास’ (सूत कातणाऱ्या स्त्रिया) या चित्राविषयी येथे सविस्तर लिहायचे आहे. हे चित्र साधारण १६५५ ते १६६० या काळातले, म्हणजे वेलास्केसच्या अखेरच्या वर्षांतले, आहे. त्याचे दुसरे नाव ‘अराक्नीची कथा’ असे आहे (अराक्नी ही ग्रीक-रोमन पुराणकथेतली विणकर मुलगी), आणि या दोन नावांचा एकमेकांशी संबंध काय, हाच माझ्या लेखाचा विषय आहे.

प्रथम चित्रात काय दिसते ते सांगते. पुढच्या भागात, काहीशा अंधाऱ्या खोलीत, पाच स्त्रिया लोकरीचे काम करत आहेत. डावीकडे डोक्याला पांढरे फडके बांधलेली एक वृद्धा चरख्यावर सूत कातते आहे आणि लाल पडदा बाजूला सारणारी एक मुलगी वाकून तिच्याशी बोलते आहे. मध्यभागी एक स्त्री खाली वाकून लोकर गोळा करते आहे. तिचा चेहरा सावलीत असा विरघळला आहे की त्यावर नाकडोळे जवळजवळ उरलेलेच नाहीत. उजवीकडे पांढऱ्या पोलक्यातली एक तरुणी आपल्याकडे पाठ करून सुताचा गुंडा वळते आहे आणि तिच्या शेजारी आणखी एक मुलगी टोपली घेऊन आली आहे. जमिनीवर एक मांजर निवांत बसले आहे. या सगळ्यांच्या मागे, दोन पायऱ्या चढून जाता येईल अशी एक उजळ खोली आहे. तेथे भिंतीवर चित्रजवनिका, म्हणजे चित्र विणलेला पडदा (टॅपेस्ट्री), टांगलेली आहे, तिच्यापुढे शिरस्त्राण घातलेली अथेना ही विद्येची आणि विणकामाची ग्रीक देवी हात उंचावून उभी आहे, समोर अराक्नी आहे आणि उंची वस्त्रे ल्यालेल्या तीन स्त्रिया आहेत. म्हणजे जी कथा चित्राचे निमित्त आहे ती मागे, लहान आकारात, आणि ज्यांना कथेत नावेसुद्धा नाहीत असे कष्टाचे हात पुढे, मोठ्या आकारात, अशी ही रचना आहे.

कथा बहुतेकांना माहीत असेल, तरी रोमन कवी ओव्हिडने ‘मेटामॉर्फोसिस’ या काव्याच्या सहाव्या सर्गात ती जशी सांगितली आहे तशी थोडक्यात देते, कारण वेलास्केसच्या ग्रंथसंग्रहात ओव्हिड होता आणि हे चित्र त्याच्याच आधाराने उभे आहे. लिडियातली (आजच्या तुर्कस्तानातली) अराक्नी ही सामान्य घरची मुलगी होती. तिचे वडील लोकर जांभळ्या रंगात रंगवण्याचा व्यवसाय करीत. विणकामातले तिचे कौशल्य इतके होते की ही विद्या तिला अथेनेनेच, म्हणजे ओव्हिडच्या भाषेत मिनर्व्हेने, शिकवली असावी असे लोक म्हणत. अराक्नीला ते मान्य नव्हते. देवीने माझ्याशी स्पर्धा करावी, असे ती म्हणाली. देवी वृद्धेचे रूप घेऊन आली, तिने समजावून पाहिले, आणि अराक्नी ऐकेना तेव्हा मूळ रूपात प्रकट झाली. दोघींनी माग मांडले. देवीने स्वतःचा विजय विणला आणि चारही कोपऱ्यांत, देवांशी बरोबरी करू पाहणाऱ्या माणसांना झालेल्या शिक्षा विणल्या. अराक्नीने देवांनी रूपे बदलून स्त्रियांना कसे फसवले ते विणले, आणि त्यांतले पहिलेच दृश्य बैलाच्या रूपातल्या देवाने पळवून नेलेल्या युरोपा या राजकन्येचे होते.

येथे ओव्हिड जे सांगतो त्याकडे माझ्या मते पुरेसे लक्ष दिले जात नाही. अराक्नीच्या कामात मिनर्व्हेला दोष सापडला नाही. साक्षात मत्सरालाही तो सापडला नसता, असे तो स्पष्ट लिहितो. देवीने ते वस्त्र फाडले आणि हातातल्या धोट्याने अराक्नीच्या कपाळावर वार केले ते त्या यशाचा राग येऊन. अराक्नीने गळफास लावून घेतला, तेव्हा देवीने तिला कोळी करून जगवले. ‘गर्वाचे घर खाली’ अशा अर्थाने ही कथा शतकानुशतके सांगितली गेली. इटालियन कवी दान्तेनेही गर्विष्ठांच्या उदाहरणांत अराक्नीला बसवले. ओव्हिडच्या मूळ निवेदनात मात्र ती स्पर्धेत हरलेली नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. ओव्हिड स्पर्धेपर्यंत येण्याआधी आणखी एक गोष्ट सांगतो. अराक्नीचे काम पाहण्यासाठी त्मोलस डोंगरावरच्या द्राक्षमळ्यांतून आणि पाक्तोलस नदीच्या पाण्यातून अप्सरा येत असत, आणि त्यांना तयार झालेली वस्त्रे पाहण्यात जेवढा आनंद होता तेवढाच ती तयार होताना पाहण्यात होता. मग तो ते काम क्रमाने सांगतो : कच्च्या लोकरीचे गोळे करणे, बोटांनी ती मऊ करणे, ढगासारखे पुंजके लांब ओढणे, अंगठ्याने चाती फिरवणे. वेलास्केसच्या चित्रातला पुढचा सगळा भाग या ओळींतून आला आहे असे मला वाटते. तो कथेला जोडलेला एखादा घरगुती प्रसंग नाही आणि निव्वळ सजावट तर नाहीच. वस्त्र तयार होताना पाहण्याचे जे सुख अप्सरांना मिळत होते, त्या जागी त्याने आपल्याला उभे केले आहे.

चरख्याचे चाक पाहिले की हे पटते. त्याला आरे नाहीत. फिरत्या चाकाचे आरे डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून त्याने ते काढलेच नाहीत. फक्त प्रकाशाच्या काही पुसट कमानी आहेत, आणि त्यांच्या आरपार पलीकडचे दिसते. उजवीकडच्या तरुणीचा हातही असाच, बोटे सुटी न दाखवता, हालचालीतच पकडलेला आहे. छायाचित्रणाचा शोध लागण्याच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी एका माणसाने वेग कसा दिसतो ते डोळ्यांनी टिपले आणि तसे ते रंगवले, याचे मला आजही नवल वाटते.

या वाचनाशी सहमत नसणाऱ्यांनी अवश्य लिहावे.

पूर्वरंग

लेख अतिशय आवडला. एक शंका आहे. माझ्याकडच्या जुन्या चित्रसंग्रहात या चित्राखाली ‘सांता इसाबेल येथील जवनिकांचा कारखाना’ अशा आशयाची ओळ आहे आणि अराक्नीचा उल्लेखच नाही. मग ही कथा चित्रात मुळातच होती, की अभ्यासकांनी ती नंतर शोधून काढली?

मंजिष्ठा

पूर्वरंग, आपल्या संग्रहातली ओळ त्या काळाच्या समजुतीला धरूनच आहे. चित्र राजसंग्रहात आले तोवर त्याचा विषय विस्मरणात गेला होता, आणि माद्रिदमधल्या सांता इसाबेल रस्त्यावरच्या जवनिकांच्या कारखान्याला राजघराण्यातल्या स्त्रिया भेट देत आहेत, असा त्याचा अर्थ लावला जात असे. एकोणिसाव्या शतकातल्या वास्तववादी आणि दृक्‌प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकारांना ते इतके जवळचे वाटले त्यामागे हेही एक कारण होते : पुराणकथेचा आधार न घेता श्रमाचे चित्र काढणारा पहिला मोठा चित्रकार म्हणून ते वेलास्केसकडे पाहत होते.

मागची जवनिका सोळाव्या शतकातला इटालियन चित्रकार तिशियन याच्या ‘युरोपाचे अपहरण’ या चित्रावरून घेतली आहे, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्षात आले होते. पुढे १९४८ साली दिएगो आंगुलो इन्यिगेस या अभ्यासकाने ओव्हिडशी तुलना करून हा विषय अराक्नीचाच आहे असे मांडले. त्याच सुमारास मारिया लुइसा कातुर्ला यांना पेद्रो दे आर्से या राजसेवेतल्या गृहस्थाच्या मालमत्तेची १६६४ सालची यादी सापडली, आणि तीत वेलास्केसच्या ‘अराक्नीची कथा’ या चित्राची नोंद होती. चित्रकाराच्या मृत्यूनंतर अवघ्या चार वर्षांनी चित्राला हे नाव होते, म्हणजे ते नंतर चिकटवलेले नाही.

तिशियनचे ते चित्र स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यासाठी काढलेले होते आणि वेलास्केसच्या काळात माद्रिदच्या राजवाड्यात होते. आज ते बोस्टनच्या इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर संग्रहालयात आहे. १६२८-२९ मध्ये फ्लेमिश चित्रकार रुबेन्स माद्रिदला आला तेव्हा त्याने त्याची नक्कल केली, आणि ती नक्कल प्रादोमध्येच आहे. वेलास्केसने अराक्नीच्या हातून जी कलाकृती विणवली ती तिशियनची आहे, याचा अर्थ फार मोठा आहे. ज्याला तो सर्वश्रेष्ठ मानत होता त्या चित्रकाराचे काम त्याने देवीच्या बाजूला न देता मर्त्य मुलीच्या बाजूला दिले.

चित्रवेध

विवेचन सुंदर आहे, परंतु त्याच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही, आणि कारण नीट सांगणे आवश्यक आहे.

हे चित्र निर्माण झाले त्या वर्षांत वेलास्केसच्या डोक्यात एक वेगळाच प्रश्न होता. त्याला सांतियागोच्या सरदारवर्गात, म्हणजे स्पेनमधल्या एका मानाच्या सरदारी संघात, प्रवेश हवा होता. त्यासाठी कुळाची शुद्धता जशी सिद्ध करावी लागे तशीच आणखी एक गोष्ट सिद्ध करावी लागे : अर्जदाराने हाताच्या धंद्यावर पोट भरलेले नसावे. शंभराहून अधिक साक्षीदार तपासले गेले. झुर्बारान आणि आलोन्सो कानो या त्याच्या समव्यवसायी चित्रकारांचीही साक्ष झाली. तो दुकान मांडून चित्रे विकत नसे, राजाच्या इच्छेनुसार काढत असे, असे त्या साक्षींत पुन्हा पुन्हा येते. अखेर पोपची विशेष सवलत मिळवून १६५९ मध्ये त्याला तो मान मिळाला आणि पुढच्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला. स्पेनमध्ये तेव्हा चित्रकार हा सुतार-लोहारासारखा कारागीर, की कवीसारखा विद्यावंत, हा वाद केवळ प्रतिष्ठेचा नव्हता. विक्रीकर द्यायचा की नाही हे त्यावर ठरत होते.

या पार्श्वभूमीवर चित्रातल्या त्या पायऱ्यांकडे पाहावे. खाली अंधारात पिंजणे, कातणे, गुंडाळणे चालले आहे. वर, प्रकाशात, कल्पनेने निर्माण झालेली कलाकृती आहे, तिशियनची आहे, आणि ती पाहायला थोर घरच्या स्त्रिया आल्या आहेत. तेथे एक तंतुवाद्यही ठेवले आहे, आणि संगीत ही मान्यताप्राप्त विद्या होती. मला यात श्रमाचा गौरव दिसत नाही. चित्रकला ही या खालच्या खोलीतली गोष्ट नव्हे, वरच्या खोलीतली आहे, असा चित्रकाराचा दावा दिसतो, आणि तो त्याच्या अर्जाशी तंतोतंत जुळतो. आज आपण कष्टकऱ्यांकडे ज्या आदराने पाहतो तो आदर सतराव्या शतकातल्या एका महत्त्वाकांक्षी दरबारी माणसाच्या माथी मारणे मला उचित वाटत नाही.

येवलेकर

मी चित्रकलेचा जाणकार नाही. आमच्या घरात माग आहे आणि आयुष्य पैठणीच्या कामात गेले आहे, म्हणून विणकामाच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट अशी की, चित्रात पुढे जे काम दाखवले आहे ते अचूक आहे. मधली बाई लोकर साफ करून मोकळी करते, डावीकडची कातते, उजवीकडची असारीवरचे (सूत गुंडाळायच्या फिरत्या चौकटीवरचे) सूत उतरवून गुंडा करते. हा खरा क्रम आहे, आणि तिघींच्या हातांची ठेवण ज्याने हे काम जवळून पाहिले आहे त्यालाच जमेल अशी आहे. घोंगडीसाठी लोकर कातणाऱ्या बाया ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना ती वृद्धा बसल्याची पद्धत ओळखीची वाटेल.

दुसरी गोष्ट म्हणजे, चित्रात माग कुठेच नाही. मी पुन्हा पुन्हा शोधला. सूत तयार होताना दिसते आणि एकदम मागच्या भिंतीवर पुरे झालेले वस्त्र दिसते. विणणे गाळलेले आहे. अशी जवनिका विणण्याची रीत आणि पैठणीच्या पदराची रीत एकाच कुळातली आहे. बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा, प्रत्येक रंग आपल्या आकृतीपुरताच जातो आणि तेथूनच परत फिरतो, धोटा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ जात नाही. एका वितीच्या कामाला किती दिवस जातात हे आम्हाला ठाऊक आहे. ज्या स्पर्धेची ही कथा आहे ती सगळी मागावरच झाली ना? मग चित्रकाराने माग का दाखवला नसेल?

मंजिष्ठा

येवलेकरदादा, आपल्या निरीक्षणाबद्दल मनापासून आभार. या चित्रावर मी जे वाचले आहे त्यात माग नसल्याचा विचार इतक्या थेटपणे केलेला मला आढळला नव्हता. ओव्हिडच्या स्पर्धेच्या वर्णनात ताणा (उभे धागे) आहे, धोटा आहे, फणी आहे, आणि आपल्याला जवळचे वाटेल असे सोनेही आहे. दोघीही विणताना सोन्याची तार घालतात असे तो म्हणतो. इंद्रधनुष्यात जसे हजार रंग असतात पण एक कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला ते डोळ्यांना कळत नाही, तसे त्यांचे रंग होते, अशी उपमा त्याने दिली आहे. एवढे सगळे हाताशी असताना वेलास्केसने मागच टाळला.

मला सुचणारे उत्तर असे आहे की, सुतापासून चित्रापर्यंतची जी मधली पायरी गाळलेली आहे ती वेलास्केसने स्वतः रंगांनी पूर्ण केली आहे. मागची जवनिका जवळून पाहिली तर तेथे युरोपा आणि बैल रेखलेले नाहीत. पातळ रंगाचे सुटे फटकारे आहेत, आणि चार पावले मागे गेल्यावर त्यांचे आकाश, वर उडणारी बालके आणि जनावर होते. विणणारा हात आपल्याला दिसत नाही, कारण तो या चित्राच्या प्रत्येक चौरस इंचावर आहे.

चित्रवेध, आपला मुद्दा वजनदार आहे आणि सांतियागोच्या प्रकरणाशिवाय या चित्राचा विचार अपुरा राहील, हे मला मान्य आहे. मात्र त्याने काय सिद्ध करायला हवे होते आणि त्याने काय रंगवले, या दोन गोष्टी एकच आहेत असे मानायला मी तयार नाही. खालची खोली तुच्छ दाखवायची असती तर त्याने आपले सर्वांत धाडसी रंगकाम तेथे खर्च केले नसते. पाठमोऱ्या तरुणीची मान, खांद्यावरचा तो पांढरा कपडा, पसरलेला हात यांच्या तोडीचे वरच्या खोलीत काही नाही. कातणारी वृद्धा आणि ही तरुणी, या दोन मुख्य आकृतींच्या बैठकी मायकेलअँजेलोने सिस्टिन चॅपेलच्या छतावर रंगवलेल्या नग्न युवकांवरून घेतल्या आहेत, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. ज्या आकृती रोममध्ये धर्मग्रंथातल्या प्रसंगांभोवती बसल्या आहेत, त्यांची शरीरे त्याने कातणाऱ्या आणि सूत गुंडाळणाऱ्या बायकांना दिली.

गौतमी

चर्चा उत्तम चालली आहे. माझे दोन प्रश्न आहेत. चरख्यावरची वृद्धा म्हणजे वेष बदललेली अथेना आणि पाठमोरी तरुणी म्हणजे अराक्नी, असे मी वाचले आहे. वृद्धेचा उघडा पाय तरुण स्त्रीचा दिसतो, असा त्याला पुरावा दिला जातो. म्हणजे एकाच चित्रात दोघी दोनदा आल्या आहेत, हे आपल्याला मान्य आहे का? आणि मागची अथेना हात उंचावून उभी आहे, तर तो शिक्षेचाच क्षण नव्हे काय? तसे असेल तर चित्रकार अराक्नीच्या बाजूने आहे असे कसे म्हणता येईल?

चित्रवेध

गौतमी यांच्या दुसऱ्या प्रश्नाला मी जोड देतो. पेरेस दे मोया याच्या १५८५ सालच्या पुराणकथांच्या ग्रंथात, जो स्पेनमधल्या चित्रकारांच्या वापरात होता, अराक्नीच्या कथेचे एक तात्पर्य असे दिले आहे की, कोणी एखाद्या कलेत कितीही पुढे गेला तरी मागाहून कोणीतरी त्यात नवी भर घालून त्याच्याही पुढे जातो. तिशियनची नक्कल रुबेन्सने केली आणि त्या दोघांचे ऋण वेलास्केसने या जवनिकेत मान्य केले, ही साखळी त्या तात्पर्याशी जुळते. असे असेल तर हे चित्र देवी आणि मर्त्य यांच्यातल्या न्यायाविषयी नसून, कला एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कशी जाते त्याविषयी आहे. या बाबतीत मी मंजिष्ठा यांच्या थोडा जवळ आलो आहे, हे नमूद करतो.

दूरदेशी

मी काही वर्षे माद्रिदमध्ये राहत आहे, म्हणून एक आवश्यक माहिती देते. अनेक पुस्तकांत आणि संकेतस्थळांवर या चित्राचे जे रूप दिसते ते वेलास्केसने केलेले नाही. अठराव्या शतकात चित्राला वरून आणि दोन्ही बाजूंनी पट्ट्या जोडून ते मोठे केले गेले. वरची मोठी कमान आणि तिच्यावरची गोल खिडकी हा सगळा भाग नंतरचा आहे. मूळ चित्र सुमारे १.७ मीटर उंच आणि २.५ मीटर रुंद होते, तर जोड धरून ते जवळपास २.२ आणि २.९ मीटर होते. २०२१ पासून प्रादोने जोड कापून न टाकता ते झाकणारी नवी चौकट बसवली आहे, त्यामुळे आता मूळ मापाचे चित्र पाहता येते.

फरक लहान नाही. जोडासह पाहिले की वरच्या रिकाम्या भिंतीमुळे मागची खोली दूर आणि खोल जाते, आणि पुढच्या बायका एखाद्या मोठ्या दालनाच्या तळाशी बसल्यासारख्या वाटतात. मूळ मापात मागची खोली एकदम जवळ येते. येथे ज्या पायऱ्यांवरून वाद चालला आहे त्या मूळ रचनेत फार उंच भासत नाहीत. कातणाऱ्या बायकांनी मान वळवली तर वरच्या स्त्रियांशी सहज बोलता येईल, एवढेच ते अंतर आहे. ज्यांनी जुन्या छापील प्रतीवरून मत बनवले असेल त्यांनी नव्या रूपात हे चित्र एकदा पाहावे, अशी माझी विनंती आहे.

मंजिष्ठा

दूरदेशी, ही माहिती मीच मूळ लेखात द्यायला हवी होती इतकी ती महत्त्वाची आहे. चित्रवेध यांच्या ‘वरची खोली, खालची खोली’ या मांडणीला जोडलेल्या भागाने किती बळ दिले आहे, याचा विचार त्यांनीही करावा.

गौतमी, पहिल्या प्रश्नाबाबत मी सावध आहे. वृद्धेच्या पायाचा पुरावा मला एकट्याने पुरेसा वाटत नाही. पण वृद्धेच्या रूपातली देवी आणि तरुण अराक्नी समोरासमोर असणे हा ओव्हिडमधलाच प्रसंग आहे, आणि दोघींच्या बैठकींना चित्रकाराने जी समतुल्यता दिली आहे ती योगायोगाची वाटत नाही. एकाच चौकटीत कथेचे दोन टप्पे दाखवण्याची रीत युरोपीय चित्रकलेत जुनी होती. म्हणून मी ते वाचन शक्य मानते, आवश्यक मानत नाही. पुढच्या बायका केवळ अराक्नीच्या सोबतिणी आहेत असे धरले तरी चित्राचे काही बिघडत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी ठामपणे देईन, आणि त्यासाठी ‘लास मेनिनास’कडे जावे लागेल. १६५६ च्या त्या चित्रात मागच्या भिंतीवर, आरशाच्या वर, दोन मोठी चित्रे अंधुक दिसतात. ती राजवाड्यातल्या त्या दालनात खरोखरच टांगलेली होती आणि वेलास्केसचा जावई माझो याने केलेल्या नकला होत्या. त्यांतले एक रुबेन्सच्या ‘पालास आणि अराक्नी’चे आहे (पालास हे अथेनेचेच दुसरे नाव). रुबेन्सने त्यासाठी केलेला तैलरंगातला कच्चा आराखडा आज अमेरिकेत रिचमंडच्या संग्रहालयात आहे. त्यात देवीने धोटा उगारला आहे, अराक्नी खाली कोसळली आहे आणि मागे युरोपाची जवनिका दिसते. शिक्षेचा क्षण रंगवायचा तर तो कसा रंगवावा, याचा नमुना वेलास्केसच्या रोजच्या वावराच्या जागी भिंतीवर होता. त्याने युरोपाची जवनिका तेवढी ठेवली आणि बाकी सगळे बदलले. त्याच्या अथेनेचा हात वर आहे, पण त्यात धोटा दिसत नाही. त्याची अराक्नी पडलेली नाही, आपल्या कामासमोर ताठ उभी आहे. आणि ते काम फाटलेले नाही.